एका सुतानं अडकलेला टिलर

आमच्या घरामागं दहा-बारा गुंठ्यांचं परडं आहे. उचगावात एवढं परडं असणं ही काय लहान गोष्ट नव्हे. पण गाडी-बैल आत न्यायचे तर वाट एकच, घराच्या अंगानं जाणारा बोळ. एका बाजूला आमची दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला शेजारच्या गवंडीभाईची विटांची. त्या बोळातनं बैलगाडी जात नाही. बैलजोडी जुवाला बांधून जात नाही. म्हणून लग्न होऊन आल्यापासनं माझ्या बायकोनं ते सगळं परडं कुदळीनं खणलं. कुदळ, खुरपं आणि दोन हात. वांगी, घेवडा, मेथी, पोकळा, मिरची. घरात बाजारची भाजी कधी आली नाही. मी त्या परड्यात सगळ्या संसारात मोजून तीस वेळा गेलो असेन, ते पण हिला हाक मारायला. भूक लागली म्हणून.

मी फौंड्रीत पॅटर्नचा मिस्त्री. चौथी शिकलेला, पण हातानं शिकलेलं वेगळं. लोखंडाचं कसलंही ओतकाम करायचं तर आधी त्या वस्तूचा लाकडी साचा लागतो. तो साचा मी करायचो. आता तापलेलं लोखंड थंड होताना आकसतं, फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. तेवढा साचा मोठा करावा लागतो. दर मापाला हिशेब कोण करत बसणार? म्हणून आमची पट्टीच वेगळी असायची. दिसायला साधी घडीची पट्टी, पण तिच्यातला एक-एक फूट एका सुतानं लांब. तीस वर्षं ती पट्टी माझ्या शर्टाच्या खिशात होती. रिटायर झालो त्या दिवशी नारळ आणि शाल दिली त्यांनी. पट्टी मी कुणाला न विचारता घेऊन आलो.

ही म्हणायची, "तुम्ही एकदा रिटायर व्हा, मग रोज परड्यात माझ्यासंगं बसायचं. मी खुरपीन, तुम्ही नुसतं बोलत बसा."

रिटायर झालो दिवाळीला. त्यानंतर दोन महिने मिळाले आम्हाला. त्या दोन महिन्यांत मी काय केलं? सायकल मारत फौंड्रीत जायचो आणि पगार नसताना दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढत बसायचो. परड्यात एक दिवस गेलो नाही. पौषात ती गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी नाही. असं लिहिलं की एका ओळीत संपतं.

त्या पावसाळ्यात परड्याची पार वाट लागली. गाजरगवत छातीएवढं, खाली हराळी अशी विणलेली की पाय टाकला तर जमीन लागत नव्हती. भाद्रपद सरता सरता एक दिवस पोरगा माझ्याजवळ येऊन बसला. तो कारखान्यात हजेरी लिहायला. शांत आहे, माझ्यासारखा तोंडाळ नाही.

"आबा, परड्यात चार खोल्या काढूया. कामगार लोकं भाड्याची जागा हुडकत फिराय लागल्यात."

"आणि विटा कुठनं नेणार? बोळातनं?"

"डोक्यावरनं. माणसं न्हेत्यात की."

"तुझ्या आईचं परडं हाय ते."

"आई हाय का आता? तण हाय. तुम्हाला खाली बसता येत न्हाय, मला सवड न्हाय. कुणासाठी ठेवायचं, सापांसाठी?"

तो चुकीचं बोलला नव्हता, म्हणूनच मला जास्त राग आला. माझा डावा गुडघा फौंड्रीनं खाल्लेला. उभं राहायला चालतं, खाली बसायला नाही. खुरपं धरायचं तर माणसाला बसावं लागतं. पण बोलायला गुडघा लागत नाही. मी बोलून गेलो, "तिच्या वर्षश्राद्धाची पंगत ह्याच परड्यातल्या भाजीवर उठवतो. बाजारची एक काडी आणणार न्हाय. न्हाय जमलं तर दुसऱ्या दिवशी तू खोल्यांच्या पायाची दोरी मार. जमलं तर खोल्यांचं नाव काढायचं न्हाय."

पोरगा हसला. "कुदळ कोण मारणार?"

"ते मी बघतो."

स्वयंपाकघरातनं सूनबाईचा आवाज आला, "मामा, मी दोघांचंबी ऐकलंय. मागनं कुणी फिरायचं न्हाय."

झालं. बोललो आणि बांधला गेलो.

गुडघा वाकत नाही, कुदळ झेपत नाही, बैल बोळातनं येत नाही. उरलं काय? यंत्र. पण कसलंही यंत्र चालणार नव्हतं. बोळातनं आत जाणारं पाहिजे. नांगरट, कुळवट, सऱ्या पाडणं, शेण वाहणं, सगळं त्या एकालाच जमलं पाहिजे, कारण आत दुसरं काही येणार नाही. आणि मला त्याच्यावर बसता आलं पाहिजे. बसून चालवायचं, बसून वळवायचं, बसूनच उतरायचं.

आधी बोळ मोजला. मी आमच्या भिंतीशी उभा, पलीकडनं गवंडीभाई आला. माझ्याच वयाचा, उभा जन्म दुसऱ्यांच्या भिंती चढवण्यात गेलेला. त्याची बायको आणि माझी बायको ह्याच बोळात उभ्या राहून तास-तास बोलायच्या.

"काय मिस्त्री, माझी भिंत सरकवताय व्हय?"

"सरकली तर बरंच की. टेप आहे का तुझ्याजवळ?"

त्यानं कमरेचा कापडी टेप काढला. दोघांनी मिळून पार परड्यापर्यंत मोजत गेलो. सगळ्यात अरुंद जागा मधोमध निघाली. तीन फूट दोन इंच आणि वर दोन सूत. मी ते माप दंडावर लिहिल्यासारखं पाठ केलं.

मग दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात छोटा ट्रॅक्टर दाखवला. लालभडक, देखणा. बोळाचं माप सांगितल्यावर विकणारा म्हणाला, "पावणं, बोळ पाडा की." तिथनं उठलो.

गारगोटीला एक जण जुना टिलर विकणार आहे असं कळलं म्हणून एस.टी.नं तिकडं गेलतो. टिलर म्हणजे पुढं दोन चाकांवर इंजिन आणि मागं लांब दोन मुठी. मुठी धरून त्याच्या मागं मागं चालायचं. मालकानं चालू करून दाखवला. आवाज चांगला होता. मी म्हटलं, "बसायचं कुठं?" तो म्हणाला, "माती फोडायचा रोटर लावला की मागं सीट लागती. नांगर लावला की सीट निघती, मग चालायचं."

"म्हणजे नांगरताना उभं."

"नांगरताना कोण बसतंय, काका? बैलाच्या मागं कधी बसला होता का?"

"मी बैलाच्या मागं कधी उभाबी न्हवतो," म्हटलं आणि परतीच्या एस.टी.त बसलो.

तिसरं दुकान कोल्हापुरात, स्टेशनच्या अंगाला. तिथं एक टिलर उभा होता, निळा. विकणारा तरणा, तोंडात पान, बोलायला जोरदार.

"या काका. जमीन किती?"

"परडं."

"परडं?" तो आत कुणाकडं तरी बघून हसला. "काका, परड्याला कुदळ घ्या. स्वस्त पडंल."

"कुदळीवर बसता येत न्हाय," मी म्हटलं. "ह्याच्यावर येतंय का ते दाखव."

मग मात्र तो नीट बोलायला लागला. ह्या टिलरची सीट एका मागच्या छोट्या चाकावर. रोटर लावा, नांगर लावा, सरी पाडायचा फाळ लावा, सीट जागेवरच. चौथी वस्तू ट्रॉली, तिला पुढं वेगळी बैठक. शिवाय पट्टा चढवला की विहिरीवरचा पंप ओढतो. मी त्याला एक-एक जोड काढायला आणि बसवायला लावला. मग स्वतः काढला आणि बसवला. दोन पिना, एक बोल्ट. पावणेदोन वाजता बसलेला मी चार वाजता त्या सीटवरनं उतरलो.

"काका, घरला जेवायला कुणी वाट बघत असंल," तो म्हणाला.

"न्हाय," मी म्हटलं. त्याला काय ठाऊक.

इंजिनाचं मला कळत नाही, पण ओतकामाचं कळतं. गिअरच्या पेटीवर बोटाच्या पेरानं वाजवलं. जागोजागी कान लावला. लोखंडात ओतताना हवेचा फुगा राहिला असेल तर आवाज बद्द येतो. ह्याचा घंटेसारखा आला. साच्याचा जोड कुठं होता ती रेघ बोटाला जेमतेम लागत होती. ज्यानं कुणी तो साचा केला असेल त्याला मी तिथंच मनातनं हात जोडले. मग खिशातली पट्टी काढली, दोन्ही चाकांच्या बाहेरच्या टोकांमधलं अंतर मोजलं. सगळ्यात रुंद जागा तीच. तीन फूट दोन इंच, बरोबर. बोळ तीन फूट दोन इंच दोन सूत. दोन सूत मोकळे. ज्यानं जन्मभर अर्ध्या सुतावर भांडणं केली त्याला दोन सूत म्हणजे मैदान.

"हाच," मी म्हटलं.

फंडातनं घेतला. किती पडले ते विचारू नका, पोरानंही विचारलं नाही.

दसऱ्याला आणायचा ठरला. फौंड्रीत आम्ही हत्यारांची पूजा करायचो, तसा ह्याला झेंडूचा हार घातला. दुकानाचा फिटर टेम्पोतनं आला, टिलर गल्लीत उतरवला, हँडल मारून चालू केला. सगळी गल्ली दारात. सूनबाईनं ओवाळलं. मी सीटवर बसलो. पोरगा हाताची घडी घालून पायरीवर उभा. मी त्याच्याकडं न बघता टिलर बोळात घातला.

पहिली दहा पावलं रुबाबात गेलो. दोन्ही अंगांनी भिंती, मधनं इंजिनाचा आवाज असा घुमत होता की छाती भरून आली. आणि मधोमध आल्यावर कर्रर्र. टिलर थांबला. डाव्या अंगाला आमचा दगड, उजव्या अंगाला गवंडीभाईचा गिलावा, आणि दोन्ही चाकांचे डोळे, म्हणजे आसाची बाहेर आलेली टोकं, दोन्ही भिंतींत रुतलेले. पुढं नाही, मागंही नाही. मी वर बसलेला, उतरायला दोन्ही बाजूंना जागा नाही.

इंजिन बंद केल्यावर जी शांतता पडली तिच्यात आधी कुणीतरी खोकलं. मग सगळी गल्ली हसली.

त्यातच लोकांची सोनं द्यायची वेळ. एकेक जण बोळाच्या तोंडातनं आत येऊन, सीटच्या मागनं हात लांब करून मला आपट्याचं पान देत होता. "सोनं घ्या मिस्त्री, सोन्यासारखं राहा." "मिस्त्री, तिथंच ऱ्हाणार का जेवायला येणार?" "पुढल्या दसऱ्यापतोर निघंल." माझ्या मांडीवर पानांचा ढीग झाला.

मी मान वळवून गवंडीभाईवर ओरडलो. "तुझी भिंत फुगलीया!"

"भिंत फुगती व्हय? पाऊस पिऊन बसलीया का?" तो आपल्या मागल्या दारानं परड्यात उतरून पलीकडनं आत आला, माझ्या समोर उभा राहिला. "आपण दोघांनी मोजलंय. माझ्या टेपावर."

"मग दुकानदारानं चाकं बदलली."

फिटर मागनं म्हणाला, "चाकं तीच हायत काका. उलटी बसवली तर आणखी रुंद होतंय."

मी खिशातनं पट्टी काढली, पुढं वाकून चाकाचं टोक बघायला लागलो. पट्टी हातात आली आणि माझा हात तिथंच थांबला. तीन फुटाला तीन सूत. यंत्र मी माझ्या पट्टीनं मोजलं होतं, साच्याच्या. ती पट्टी लांब, म्हणून यंत्र तिच्यावर तीन सुतांनी लहान दिसलं. बोळ मोजला होता गवंड्याच्या साध्या टेपानं. मला वाटलेले दोन सूत मोकळे नव्हतेच. उलट टिलर एका सुतानं जास्त होता. तीस वर्षं नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी हेच ओरडून सांगायचो. ही पट्टी फक्त साच्याला, दुसऱ्या कशाला लावशील तर हात तोडीन.

हे मला एकट्यालाच कळलं होतं. भिंतीवर ढकललं असतं, दुकानावर ढकललं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. पण पुढं गवंडीभाई उभा होता आणि त्याच्या भिंतीला मी लोकांसमोर नावं ठेवली होती.

मी मोठ्यानं, मागं गल्लीपर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं, "चूक माझी हाय. पट्टी चुकीची वापरली. एका सुतानं अडकलाय."

पोरगा बोळाच्या तोंडाशी येऊन म्हणाला, "आबा, सगळ्या जन्मात सूत-सूत मोजलंसा आणि एका सुतानं..." पुढं त्याला हसू आवरलं नाही. मग हळू म्हणाला, "चाकं काढून नेऊया का आत? चौघं मिळून उचलू."

"आत न्हेशील. मग ट्रॉलीतनं शेण आणायला बाहेर काढताना परत चाकं काढू? दर खेपेला?"

आमची भिंत घडीव दगडाची. तिचं एक सूत काढायला दोन दिवस लागले असते आणि भिंत खिळखिळी झाली असती. गवंडीभाईची भिंत आदल्या वर्षीच नव्यानं गिलावा केलेली, लेकीच्या लग्नाला. तिला हात लावायचं नाव मी काढणार नव्हतो.

गवंडीभाईनं बोटानं गिलाव्याची जाडी चाचपली. "एक सूत म्हंजे किती?"

मी बोटाच्या नखावर दाखवलं.

"एवढंच?" तो म्हणाला. "एवढ्याला आमी माप म्हणत न्हाय मिस्त्री, धूळ म्हणतो." आणि घराकडं तोंड करून बायकोला हाक मारली, "अगं, छन्नी दे गं इकडं!"

"भाई, लेकीच्या लग्नाचा गिलावा हाय तो."

"लेक गेली की सासरला. आता भिंत कुणाला दाखवायची?"

त्याची बायको छन्नी-हातोडा घेऊन परड्याच्या अंगानं आली. गाजरगवतातनं, ओच्यात साडी खोचून. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "ती असती तर हसून हसून मेली असती." आणि तोंड फिरवलं.

गवंडीभाईनं चाकाच्या डोळ्याच्या उंचीवर गिलावा उडवायला सुरुवात केली. चार बोटं रुंद, अर्धा इंच खोल, आधी चाकाजवळ, मग पुढं, पार परड्यापर्यंत. मी वरनं सांगायला लागलो की रेघ सरळ धर. तो म्हणाला, "गप बस. तुझ्या पट्टीनं वाकडीच जाईल." उन्हं कलेपर्यंत त्याची छन्नी चालली. सिमेंटची धूळ माझ्या डोक्यावर, हारावर, आपट्याच्या पानांवर. मग फिटरनं गवंडीभाईच्या घरातनं पुढच्या अंगाला येऊन कसंबसं हँडल मारलं, मी क्लच सोडला आणि टिलर निघाला. डावं चाक दगडाला घासत, उजवं गवंडीभाईनं खोदलेल्या खोबणीतनं, आगगाडी रुळावरनं जावी तसं. परड्याच्या तोंडाशी आलो तेव्हा मागं गल्लीतनं आरोळी उठली. कुस्ती मारल्यावर उठते तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा कामावर गेल्यावर मी रोटर लावला. रोटरला दाते असतात, फिरून माती चाळवतात. सगळ्यात जोरदार जोड तोच, मला वाटलं तासाभरात फडशा. सूनबाई धावत आली, हात आडवा धरून टिलरसमोर उभी राहिली.

"मामा, रोटर काढा! हराळीचं तुकडं केलासा तर एकेका तुकड्याची नवी हराळी होती. आत्या काय करायच्या ठावं हाय का? आधी उलथायचं, मुळ्या वेचायच्या, मग माती भुसभुशीत करायची."

मला माहीत नव्हतं. माझी बायको तीस वर्षं जे करत होती ते मला सून सांगत होती, आणि ती सासूच्या बरोबरीनं खुरपायला बसलेली. दोन पिना, एक बोल्ट. रोटर काढला, नांगर लावला.

आठ दिवस मी नांगरलं आणि ती मागनं मुळ्या वेचत आली. वाफसा चांगला होता, पावसाची ओल जमिनीत होती. काळी माती वळून पडायची ती बघत राहावी अशी. विहिरीच्या कोपऱ्याशी नांगराला काहीतरी कठीण लागलं. दगड म्हणून उतरलो, गुडघा वाकत नाही म्हणून काठीनं उकरलं. लाकूड होतं, गोल. माती पुसली. पुलीचा अर्धा साचा. माझ्या हातचा. कधीकाळी बिघडला म्हणून जळणाला घरी आणून टाकला होता. कड चुकली होती त्याची, मला ती चूक लगेच ओळखू आली. वरचा भाग मात्र असा गुळगुळीत झाला होता की रंधा मारल्यावरही होत नाही.

सूनबाई म्हणाली, "आत्यांचा पाट. त्याच्यावर बसून खुरपायच्या. जाळू दिला न्हाई त्यांनी."

माझी बायको एकदा मला म्हणाली होती, बसायला काहीतरी करून द्या. मी म्हटलं होतं, बघू. बघितलं नाही कधी.

तो साचा मी धुतला आणि टिलरच्या सीटखाली तारेनं बांधला. नंतर नांगर झाला, रोटर झाला, फाळानं सऱ्या पडल्या, ट्रॉलीतनं शेणखत आलं. सगळं बसल्या जागेवरनं. गल्लीतली माणसं कुंपणापलीकडं उभी राहून बघायची. दुकानातला तो तरणाही एकदा आला बघायला. मी त्याला म्हटलं, "परड्याला कुदळ घेऊ का रं आता?" त्यानं कान धरले.

वांग्याची रोपं सूनबाईनं लावली. घेवडा मी टोकला, सीटवरनं, लांब काठीला पाइप बांधून त्यातनं बी सोडत. मेथी, पोकळा, मिरची. मार्गशीर्षात घेवड्याला फूल आलं तेव्हा पोरगा संध्याकाळी कामावरनं आला की आधी परड्यात डोकावून जायला लागला. एक दिवस पाण्याचं दार बदललेलं, पाणी दुसऱ्या सरीत वळवलेलं दिसलं. मी बदललं नव्हतं, सुनेनंही नाही.

वर्षश्राद्धाच्या सकाळी मी टिलरला ट्रॉली लावली. सूनबाई, गवंडीभाईची बायको आणि आणखी दोघी-तिघी भाजी तोडत होत्या, मी सरीच्या कडेनं हळूहळू चालवत ट्रॉली भरून घेत होतो. वांग्यांची टोपली, घेवडा, मेथीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या. बाजारची एक काडी नव्हती. मीठ आणि तेल सोडून, आणि ते परड्यात होत नाही.

पंगत अंगणात बसली. गवंडीभाई पहिल्या ओळीत. कुणी भाजीला नावं ठेवली नाहीत. कुणी ठेवली असती तर मी उठवला असता. पोरगा वाढत होता. वांग्याची भाजी वाढत वाढत माझ्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

"आबा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मागच्या अंगाला खोल्या बांधायच्या होत्या. त्या आता बांधायच्या न्हाईत." मग भाजीचं पातेलं हातात तसंच धरून, खाली बघत, "आईच्या हातची चव आलीया."

"माती तीच हाय," मी म्हटलं. त्यानं मला न विचारता आणखी एक पळी वाढली.

लोकं उठल्यावर गवंडीभाई बोळात जाऊन भिंतीवरची ती लांब खोबण बघत उभा राहिला. "आता उन्हाळ्यात भरून टाकतो मिस्त्री. वाईट दिसती."

"भरलीस तर बघ," मी म्हटलं. "मी बाहेर कसा येणार?"

उरलेली भाजी गल्लीत वाटायची होती. ट्रॉली भरली. पोरगा म्हणाला, "मी न्हेतो." त्यानं चार वेळा हँडल मारलं, पाचव्यांदाही इंजिन लागलं नाही. गवंडीभाई मोठ्यानं हसला. मी पोराला बाजूला केलं, एका झटक्यात चालू केला आणि सीटवर बसलो. पोरगा मागं ट्रॉलीत भाजीच्या टोपल्यांच्या मधे जाऊन बसला, लहानपणी सायकलवर बसायचा तसा.

बोळात शिरलो. आता बाहेर जाताना डावं चाक खोबणीत बसलं. उजव्या अंगाला दगड अगदी जवळ, पण लागत नव्हता. मी भिंतींकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ समोर बघत गल्लीत निघालो.